बैठकीचे ऋण

व्यापारी घरात 'ऋण' हा शब्द जपून उच्चारला जातो. घेतलेली रक्कम त्याच दिवशी वहीत चढावी, दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी शक्य तितकी देणी चुकती व्हावीत, आणि ज्याने अडचणीच्या हंगामात विश्वासावर माल दिला त्याचे नाव पुढच्या पिढीलाही ठाऊक असावे, ही शिस्त जैन व्यापारी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. तरीही एक मोठे खाते बहुतेक वह्यांत उघडलेच जात नाही. ते आहे शरीराचे. कणा, गुडघे, डोळे आणि श्वास यांच्याकडून माणूस साठ-साठ वर्षे उचल घेत राहतो, आणि पहिला तगादा येतो तेव्हा त्याला अन्याय झाल्यासारखे वाटते.

परभणीहून जिंतूरकडे निघालेल्या वाटसरूला वाटेत झरी हे गाव लागते. भोवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी आणि हरभरा ही येथली पिके. अशा गावातील आडत्याचा किंवा किराणा-कापड दुकानदाराचा दिवस हंगामावर चालतो. माल येऊ लागला की जेवणाची वेळ राहत नाही. पूर्वी हा दिवस गादीवर जात असे. पांढऱ्या चादरीवर मांडी घालून बसावे, समोर उतरते मेज असावे, पाठीशी तक्क्या असावा. गिऱ्हाईक आले की उठावे, ठाण काढून दाखवावे, पुन्हा बसावे. दिवसातून शंभर वेळा जमिनीवरून उठणे आणि जमिनीवर बसणे हा व्यायाम आहे, असे त्या पिढीतील कोणालाही कधी वाटले नाही. मग काउंटर आला, काउंटरमागे फिरती खुर्ची आली, खुर्चीपुढे संगणक आला. दुकान नव्या काळाचे झाले यात वावगे काही नाही. मात्र गादीबरोबर गादीची बैठकही गेली, ही गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नाही.

ती ध्यानी येते स्थानकात किंवा मंदिरात. गेल्या काही वर्षांत प्रवचनाच्या सभागृहांत भिंतीच्या कडेने खुर्च्यांची रांग दिसू लागली आहे. आरंभी ती फार वृद्धांसाठी असे. आता पन्नाशीतले श्रावक-श्राविकाही तिकडे वळताना दिसतात. सामायिक 48 मिनिटांचे. ज्याच्या आजोबांनी एका बैठकीत लागोपाठ तीन-तीन सामायिके केली, त्या नातवाचे पाय पहिल्या दहा मिनिटांतच बधिर होतात, आणि उरलेला वेळ आत्मचिंतनाऐवजी पायाच्या चिंतेत जातो. खुर्चीवर बसून केलेले सामायिक कमी प्रतीचे ठरत नाही. भाव शुद्ध असेल तर आसनाची उणीव झाकली जाते. पण ज्याला बसता येईना म्हणून वंदना आखूड करावी लागते, प्रतिक्रमणातील उठबस टाळावी लागते, त्याच्या मनाला ती रुखरुख लागतेच. आरोग्याचा प्रश्न अशा ठिकाणी केवळ वैद्यकाचा राहत नाही.

झरीवरून जाणारा हाच रस्ता पुढे जिंतूरला पोहोचतो, आणि तेथून जवळच्या टेकडीत नेमगिरीचे अतिशय क्षेत्र आहे. गुहेतील अरुंद वाटेने वाकून आत गेले की भगवान नेमिनाथांची भव्य पद्मासनस्थ मूर्ती दृष्टीस पडते. तेथेच बाहुबली कायोत्सर्गात उभे आहेत. भारतातील कोणत्याही जिनालयात जावे, तीर्थंकरांची मूर्ती या दोहोंपैकी एका स्थितीत आढळते: पद्मासनात बसलेली अथवा कायोत्सर्गात उभी. जगातील दुसऱ्या कोणत्या समाजासमोर रोज सकाळी योगासनाचा इतका निर्दोष आदर्श उभा राहत असेल, हे सांगणे कठीण आहे. कणा सरळ, खांदे सैल, छाती मोकळी, श्वास जणू थांबलेला. श्रावक त्या मूर्तीवर अभिषेक करतो, केशर वाहतो, दर्शन घेतो आणि वाकलेल्या पाठीने दुकानी जातो.

परंपरेत याहून अधिकही आहे. श्वेतांबर आगम सांगतात की, ऋजुवालिका नदीच्या तीरावर शालवृक्षाखाली भगवान महावीरांना केवलज्ञान झाले तेव्हा ते गोदोहिका आसनात होते. गोदोहिका म्हणजे गाय दोहताना माणूस जसा टाचा उचलून चवड्यांवर बसतो तशी बैठक. झरीच्या शिवारात ही बैठक अजून रोज पाहायला मिळते. दुकानाच्या माडीवर मात्र ती कोणाला घालून पाहायला सांगितली तर भिंतीचा आधार शोधावा लागेल. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी राजा कुमारपालासाठी 'योगशास्त्र' रचले, त्यात पर्यंक, वीर, वज्र, पद्म, भद्र, दंड, उत्कटिका, गोदोहिका आणि कायोत्सर्ग ही आसने वर्णिली आहेत. आणि मग, ज्या आसनात मन स्थिर होईल ते आसन करावे, असा समंजस निर्वाळाही दिला आहे. राजासाठी लिहिलेला हा ग्रंथ, म्हणजे संसारात गुंतलेल्या माणसासाठीच लिहिलेला. राज्यकारभार सांभाळणाऱ्याला जे अशक्य मानले गेले नाही, ते दुकान सांभाळणाऱ्याला अशक्य मानण्याचे कारण नाही.

कायोत्सर्गात तर श्वासाचा हिशेबही ठरलेला आहे. दिगंबर परंपरेत एका कायोत्सर्गाचे 27 श्वासोच्छ्वास. तीन श्वासांत एकदा याप्रमाणे नऊ वेळा णमोकार. श्वेतांबर परंपरेत लोगस्सच्या पदांवरून श्वास मोजले जातात. घाईच्या प्रतिक्रमणात हे नऊ णमोकार अर्ध्या मिनिटात उरकतात. तेच 27 श्वासांत केले तर खांद्यांचा ताण उतरल्याचे आणि मनातील गलका थोडा मंदावल्याचे करणाऱ्याला कळून येते. श्वास संथ झाला म्हणजे मज्जासंस्थेचा विसाव्याशी निगडित भाग कामाला लागतो, असे आधुनिक शरीरशास्त्रही सांगते. पण त्याच्या दाखल्यावाचून हा अनुभव घेता येतो.

तेव्हा विद्येची उणीव नाही. उणीव आहे ती शिकवणाऱ्याची. जैन परंपरेने शिकवणाऱ्याला किती उंच स्थान दिले आहे हे रोजच्या जपातच दिसते. पंचपरमेष्ठींमध्ये अरिहंत, सिद्ध आणि आचार्य यांच्यानंतरचा नमस्कार उपाध्यायांना आहे. जे स्वतः अध्ययन करतात आणि इतरांकडून करवून घेतात, त्यांना. करणे आणि करवून घेणे ही दोन कामे तेथे वेगळी काढलेली नाहीत.

योगाच्या क्षेत्रात ही दोन्ही कामे एका आयुष्यात कशी जुळतात, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रात, पुण्यात घडले. झरी-परभणीकडची कितीतरी मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी आज पुण्यात राहतात. त्यांच्यातील अनेकजण शिवाजीनगर भागातील एका योगसंस्थेवरून रोज जात असतील. तिच्या नावामागची कथा मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

बेल्लूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार यांचा जन्म 14 डिसेंबर 1918 रोजी कर्नाटकातील बेल्लूर या खेड्यात झाला. ते वर्ष इन्फ्लुएंझाच्या भीषण साथीचे, आणि प्रसूतीच्या वेळी त्यांची आई शेषम्मा त्याच आजाराने ग्रासलेली होती. हे मूल जन्मतःच दुबळे. पुढे हिवताप, विषमज्वर, क्षय अशी दुखणी एकामागून एक आली. नऊ वर्षांचे असताना वडील गेले. काड्यांसारखे हातपाय, पुढे आलेले पोट आणि मानेला न पेलणारे डोके, असे त्या मुलाचे रूप होते. 1934 साली मैसूरला असलेल्या थोरल्या बहिणीचे यजमान, योगाचार्य टी. कृष्णमाचार्य, यांच्या घरी तो आला. ताठरलेल्या शरीराच्या या मुलाकडून गुरूंची फारशी अपेक्षा नव्हती, आणि शिक्षणही प्रेमळ म्हणावे असे नव्हते. तरी त्या अभ्यासाने मुलाच्या अंगात जीव भरला.

1937 मध्ये, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झालेली नसताना, गुरूंनी त्याला पुण्यास धाडले. डेक्कन जिमखान्यावर सहा महिने योग शिकवावयाचा होता. मराठी येत नव्हती, इंग्रजी तोडकी-मोडकी, आणि समोरचे विद्यार्थी वयाने व बळाने त्याच्याहून मोठे. स्वतःला जे नीट येत नाही ते दुसऱ्यास सांगावे कसे, हा प्रश्न रोजचा. त्यावर या तरुणाने एकच उपाय केला: शिकवण्यापूर्वी दिवसाचे कित्येक तास स्वतः अभ्यास करणे. ते दिवस गरिबीचे होते, कधी उपाशीपोटी काढलेले. शिकवण्याच्या जबाबदारीने शिष्याचा साधक केला, असा उलटा प्रवास येथे दिसतो. पुष्कळांची समजूत अशी असते की, आधी सारे साध्य करावे आणि मग शिकवावे. अय्यंगारांच्या बाबतीत शिकवणे हेच साधण्याचे साधन झाले.

1952 साली जगद्विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन भारतात आले असता त्यांची भेट ठरली. पाच मिनिटांसाठी ठरलेली ती भेट तीन तासांहून अधिक चालली. थकलेल्या, निद्रा हरवलेल्या त्या कलावंताला अय्यंगारांनी विश्रांती म्हणजे काय ते दाखवले. पुढे 1954 मध्ये मेन्युहिन यांनी त्यांना एक घड्याळ भेट दिले. त्याच्या पाठीवर, व्हायोलिनचे आपले सर्वोत्तम शिक्षक अशी अक्षरे कोरलेली होती. ज्याने कधी व्हायोलिन वाजवले नाही त्याला दिलेली ही पावती. 1966 मध्ये 'लाइट ऑन योगा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याची प्रस्तावनाही मेन्युहिन यांचीच.

पुण्यात स्वतःची संस्था उभारण्याचे ठरले तेव्हा 25 जानेवारी 1973 रोजी पत्नी रमामणी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. तीनच दिवसांनी, 28 जानेवारीस, त्यांचे निधन झाले. ज्या गृहिणीने ओढग्रस्तीच्या संसारात सहा मुलांना वाढवले, पतीच्या अभ्यासाचा वेळ जपला, तिचेच नाव संस्थेला मिळाले. 1975 साली 'रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था' सुरू झाली आणि जगभरातील शिक्षक तेथे येऊ लागले. पुढे जन्मगाव बेल्लूरचेही स्मरण झाले. आईवडिलांच्या नावाने न्यास स्थापून त्या खेड्यात शाळा आणि रुग्णालय उभे राहिले. पद्मश्री, पद्मभूषण, पद्मविभूषण हे सन्मान यथावकाश आले. नव्वदी ओलांडल्यावरही रोजचा अभ्यास चालूच होता. 20 ऑगस्ट 2014 रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय 95. जन्मतः ज्या देहाची कोणी हमी दिली नसती, त्या देहाने केवढी परतफेड केली हे पाहण्यासारखे आहे.

झरीतील एखाद्या गुडघेदुखीच्या रुग्णासाठी अय्यंगारांचे जगप्रसिद्ध होणे महत्त्वाचे नाही. महत्त्वाची आहे ती त्यांची साधने. विटा, दोर, पट्टे, घोंगड्या, लोड आणि खुर्च्या घेऊन त्यांनी आसन माणसाच्या आवाक्यात आणले. हात जमिनीला टेकत नाही तर खाली वीट ठेवा. मांडी घालता येत नाही तर घोंगडीची घडी करून तिच्यावर बसा, म्हणजे गुडघे आपोआप खाली येतात. पाठ ताठ राहत नाही तर भिंत आहेच. स्थानकातल्या खुर्चीचाही येथे वेगळा अर्थ लागतो. कायमची बसण्यासाठी घेतली तर खुर्ची जमिनीचा निरोप घ्यायला लावते. पण तिच्या बैठकीवर हात टेकून पुढे वाकावे, तिच्या पाठीला धरून हळूहळू अर्धे खाली बसावे, पुन्हा उठावे, असा तिचा उपयोग केला तर तीच खुर्ची काही महिन्यांत माणसाला पुन्हा जमिनीपर्यंत पोहोचवू शकते.

अय्यंगारांच्या कन्या गीता यांना वयाच्या नवव्या वर्षी मूत्रपिंडाचा गंभीर विकार जडला होता. त्या काळी घरात औषधांना पैसा नव्हता. त्यांनी योगाचा आश्रय घेतला, बऱ्या झाल्या आणि पुढे स्वतः आचार्या होऊन हजारो स्त्रियांना शिकवले. स्त्रियांच्या आयुष्यातील निरनिराळ्या अवस्थांना अनुसरून आसनांची मांडणी केली. येथे एक इशारा आवश्यक आहे. हा प्रसंग औषध सोडण्याची परवानगी देत नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच अभ्यास करावा. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्याने शीर्षासनासारख्या उलट्या आसनांच्या वाटेस जाऊ नये. आणि मोबाइलवरील चित्रफीत पाहून मान मुरगळून घेण्यापेक्षा जाणत्या शिक्षकापुढे चार दिवस बसावे. वीस मिनिटांचा हप्ता एकदम दोन तासांनी भरू पाहणाऱ्या उत्साही मंडळींची फजिती दरवर्षी 22 जूनला पाहायला मिळते.

व्यापारी समाजाचा योगविद्येशी असलेला एक जुना संबंधही येथे सांगितला पाहिजे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचा परिणाम क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासण्याचा उपक्रम त्यांनी हाती घेतला. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. या निर्वाताला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. ज्यांच्याकडून विद्या मिळाली त्या नर्मदातीरावरील मालसरच्या परमहंस माधवदासजींचे नाव दिले. प्रयोगशाळेतील एका मापालाही गुरूचे नाव, ही कृतज्ञता विरळा.

त्या संस्थेच्या कामात धनिकांचा हात मोठा होता. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील केंद्राला ईश्वरदास चुनीलाल यांचे नाव आहे; लोणावळ्याच्या योग महाविद्यालयाला सेकसरिया या व्यापारी घराण्यातील गोवर्धनदासांचे. दानाची ही परंपरा जैन समाजातही थोर आहे. पांजरपोळ, धर्मशाळा, रुग्णालये, छात्रालये यांच्या संगमरवरी पाट्या तिची साक्ष देतात. तथापि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. धन देणे व्यापाऱ्याला तुलनेने सोपे जाते. वेळ देणे जड जाते. योगवर्गासाठी सभागृह बांधून देणारा दाता सहज मिळतो, त्या सभागृहात पहाटे साडेपाचला दिवा लावणारा मिळत नाही. पाटीवर नाव नसलेले हे दुसरे दान आहे, आणि योगविद्या जिवंत राहते ती त्याच्यावर.

वेळ नाही, ही तक्रार मात्र जैन घराला फारशी शोभत नाही, कारण त्याच्या दिनचर्येतच वेळ राखून ठेवलेला आहे. जे घर सूर्यास्तापूर्वी जेवते, त्या घराला पहाटेच्या आसनांसाठी रिकामे पोट आपोआप लाभते. इतरांना त्यासाठी रात्रीच्या जेवणाशी झगडावे लागते. नवकारसीचे पच्चक्खाण घेणारा श्रावक सूर्योदयानंतर 48 मिनिटे तोंडात काही घालत नाही. ही 48 मिनिटे बहुतेक घरांत घड्याळाकडे पाहण्यात, वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर भाव बघण्यात जातात. त्यांतील पहिली वीस मिनिटे ताडासन, भिंतीच्या आधाराने पुढे वाकणे, वज्रासन, जमेल तेवढी मांडी आणि शेवटी शवासन यांना दिली, आणि मग 27 श्वासांचा एक पूर्ण कायोत्सर्ग केला, तरी हाताशी वेळ उरतो.

आणि शिकवण्यासाठी आचार्यपद लागत नाही. ज्या सुनेने माहेरी किंवा महाविद्यालयात योग शिकला आहे, तिने सासूचे गुडघे घोंगडीच्या घडीवर टेकवून द्यावेत. ज्या आजोबांना अजून पद्मासन जमते, त्यांनी नातवाला मोबाइलवरून मान वर करायला लावून शेजारी बसवावे. सुट्टीत पुण्याहून गावी आलेल्या मुलाने दुकानातल्या हमालांनाही पाठ न दुखवता पोते उचलण्याची रीत दाखवावी, कारण दुकानाचा सगळा भार प्रत्यक्षात त्यांच्याच कण्यावर असतो. चातुर्मास हा या आरंभासाठी सोयीचा काळ आहे. पावसाच्या दिवसांत बाजार मंदावलेला असतो, स्थानकात व मंदिरात लोक रोज एकत्र येतात, आणि प्रवचनापूर्वीचा अर्धा तास तसाही चपला लावण्यात आणि जागा धरण्यात जातो. त्या अर्ध्या तासात भिंतीकडच्या खुर्च्या मधोमध आणाव्यात, आणि प्रत्येकीच्या पाठीला धरून एकेकाने सावकाश, न घाबरता, जमिनीच्या दिशेने वाकायला लागावे. बाजारपेठेतील शटर वर जायला तेव्हा अजून अवकाश असतो.